ग्रुपवर सगळं येतं, प्रश्न का येत नाही?

तुमच्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा आणि शेवटचे वीस-पंचवीस मेसेज वर सरकवून बघा. परीक्षा फॉर्मची तारीख असेल. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक असेल. ‘उद्या सर येणार आहेत का?’ असेल, आणि त्याखाली कुणाचंच उत्तर नसेल. एक पीडीएफ असेल, जी सगळ्यांनी डाऊनलोड केली आणि दोघा-चौघांनीच उघडली. आता शोधा, ‘मला हा भाग कळला नाही, कुणी समजावून सांगेल का?’ असा एक तरी मेसेज सापडतो का. सापडला तर तुमचा वर्ग नशीबवान. पुढचं वाचलं नाही तरी चालेल. नाही सापडला तर मात्र जरा थांबा.

कॉलेजात मोबाईल असावा की नसावा, हा वाद आता शिळा झालाय. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं (बरोबर शिक्षक दिनाला, या योगायोगाची मला अजून गंमत वाटते) आणि बघता बघता नेट आपल्या खिशात आलं. फेसबुक तर २००४ मध्ये अमेरिकेतल्या हार्वर्डच्या होस्टेलवरच सुरू झालं, आणि सुरुवातीला ते फक्त तिथल्याच विद्यार्थ्यांसाठी होतं. म्हणजे यातली काही साधनं आपल्याच वयाच्या पोरांनी आपल्याच वयाच्या पोरांसाठी बनवलीत. अभ्यासासाठी बनवली नव्हती, हेही तितकंच खरं.

माझं म्हणणं सरळ आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात वर्गाचा ग्रुप म्हणजे कॉलेजची आणखी एक वर्गखोली होऊ शकते, तीही बस चुकली तरी बंद न होणारी. आपण मात्र तिचा नोटीस बोर्ड करून ठेवलाय. आणि नोटीस बोर्ड म्हणून तो अगदीच कुचकामी आहे, कारण ज्याचं रिचार्ज संपलंय त्याला तो दिसतच नाही.

हे असं झालं कसं, ते आठवा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि कॉलेज एका रात्रीत फोनवर आलं. सातपुड्यातल्या कितीतरी पाड्यांवर रेंज नव्हती, पोरं रेंजसाठी टेकड्या चढत होती. सर लोक ग्रुपवर नोट्स टाकायचे, वहीच्या पानांचे फोटो टाकायचे, कुणी आपला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचं. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असं सुप्रीम कोर्टाने २८ ऑगस्ट २०२० ला सांगितलं आणि मग परीक्षाही मोबाईलवर आली. त्या काळात अभ्यास किती झाला, यावर भांडायला जागा आहे. पण ग्रुपवर निदान अभ्यासाचं बोलणं व्हायचं. वर्ग पुन्हा भरायला लागले, तसं ते आटलं. ग्रुप राहिला. मग कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन ‘ओन्ली अ‍ॅडमिन’ करून टाकलं.

त्या एका सेटिंगचा मला राग आहे. कारण समजत नाही असं नाही. गुड मॉर्निंगची फुलं आणि राजकारणाचे फॉरवर्ड यांना कुणीही कंटाळेल. रात्री साडेअकराला ‘सर, उद्या लेक्चर आहे का’ असं विचारणंही बरं नाही. आपले कितीतरी सर-मॅडम तासिका तत्त्वावर आहेत; जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे. त्यांच्या रात्रीवर आपला हक्क नाही. पण बडबड बंद करायला गेलो आणि तिच्यासोबत प्रश्नही बंद झाले, ही आपली अडचण आहे.

आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. १ जुलै १९९८ ला धुळ्यापासून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा. शहादा-नंदुरबारची सपाटी वेगळी आणि धडगाव-मोलगीचा डोंगर वेगळा. कुणी एसटीने अपडाऊन करतं, कुणी सुरत-भुसावळ लाईनच्या गाडीने. नवापूरवाल्यांचं तर स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पावसात नाल्याला पाणी आलं की रस्ता बंद, रस्ता बंद की लेक्चर बुडालं. आणि दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या गाड्या भरायला लागतात. त्या गाडीत एस.वाय.बी.ए.चा पोरगाही असतो, कारण तोडीला दोन हात जास्त लागतात. तो परत येतो तेव्हा परीक्षा तोंडावर असते. मधल्या काळात त्याच्यासाठी कॉलेज म्हणजे हातातला फोन. त्या फोनवर ‘फॉर्मची शेवटची तारीख’ पोहोचते. ‘या महिन्यात अर्थशास्त्रात काय काय झालं’ हे पोहोचत नाही. कारण ते पाठवायचं असतं, हेच कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं.

मग भाषेचं काय? घरी भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजरी. पुस्तक मराठीत, सायन्सवाल्यांचं इंग्रजीत. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या जिल्ह्यातले ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वर्गात हात वर करून प्रश्न विचारायचा, तर आपल्यातल्या अनेकांना तो आधी मनातल्या मनात पुस्तकी मराठीत जुळवावा लागतो. जुळेपर्यंत सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. आणि जुळला, पण बोलताना एक शब्द घरचा निघाला, तर पुढच्या बाकावरून हसू येतं. एकदा हसू आलं की तो मुलगा तीन वर्षं तोंड उघडत नाही. त्याला आपण ‘लाजाळू’ म्हणून मोकळे होतो.

इथे फोन कामाचा आहे, आणि त्यासाठी नवीन अ‍ॅप घ्यायची गरज नाही. माईकचं चिन्ह दाबून ठेवा आणि आपल्या भाषेत विचारा. ज्याला कळलंय त्याने त्याच भाषेत सांगावं. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम पुस्तकात वाचला तर झोप येते. पण शेतातून भुकेलं आल्यावर पहिली भाकरी जशी लागते तशी चौथी लागत नाही, आणि पाचवी तर ताटातून परत टोपलीत जाते, हे कुणी पावरीत दीड मिनिटात सांगितलं तर तो नियम जन्मभर विसरायचा नाही. परीक्षेत अर्थातच पुस्तकी मराठीत लिहावं लागेल. पण आधी कळलं तर लिहिता येईल ना!

‘शिकवणं हे सरांचं काम, आम्ही काय सांगणार?’ असं म्हणाल. हार्वर्डमध्येच फिजिक्स शिकवणारे एरिक मॅझूर यांनी १९९१ मध्ये वर्गात वेगळंच करून पाहिलं. आपण एक प्रश्न द्यायचा, मुलांनी आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालून त्याला पटवायचं, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. दुसऱ्या वेळी बरोबर उत्तरं वाढायची. कारण साधं आहे. ज्याला गोष्ट काल कळली, त्याला आपण परवा कुठे अडलो होतो ते आठवत असतं. वीस वर्षं तोच विषय शिकवणाऱ्याला ते आठवत नाही. मॅझूर यांच्या मुलांना त्यासाठी एका खोलीत बसावं लागायचं. तुमचा शेजारी धडगावात असला तरी चालेल.

आणि बोलीची लाज वाटत असेल तर आपल्या विद्यापीठाच्या नावाकडे बघा. १९९० मध्ये सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. काम करता करता त्या आपल्या बोलीत बोलत गेल्या आणि घरच्यांनी ते लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याकडे त्यांचं पुस्तक आहे. ते छापून आलं १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. त्यांच्या नावाची मार्कशीट घेणाऱ्या आपल्याला अभ्यासाचं आपल्या बोलीत बोलायला कसली लाज?

मास कम्युनिकेशन शिकताना मला आवडलेलं एक उदाहरण छत्तीसगडचं आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. साध्या फोनवरून एका नंबरला फोन करायचा, गोंडीत किंवा हिंदीत आपली गोष्ट रेकॉर्ड करायची, आणि इतरांनी तशीच फोनवर ती ऐकायची. स्मार्टफोन नाही, नेट नाही, लिहिता येण्याचीही अट नाही. रेशन मिळत नाही, हातपंप बंद आहे, अशा तक्रारी लोक बोलून सांगायला लागले. साध्या फोनवर जर हे होतं, तर आपल्या हातातल्या फोनवर ‘मूलभूत हक्क आणि मार्गदर्शक तत्त्वं यात फरक काय?’ हा प्रश्न का विचारता येऊ नये?

आता हे करायचं कसं? वर्गाच्या मोठ्या ग्रुपवर तर हे होणार नाही. शंभर जणांसमोर ‘मला कळलं नाही’ म्हणायची हिंमत भल्याभल्यांना होत नाही. दहा-बारा जणांचा वेगळा ग्रुप करा, एका विषयाचा. एकाच बसचे, एकाच होस्टेलचे किंवा एकाच बोलीचे असाल तर आणखी चांगलं. त्यावर वाढदिवस नको, स्टेटस नको, आणि कुणाच्या प्रश्नाला हसायचं नाही. हा शेवटचा नियम मोडला की ग्रुप संपला म्हणून समजा. दर आठवड्याला एकाने जे झालं ते चार-पाच मिनिटांत बोलून टाकायचं. ऊसतोडीला गेलेला आठवड्यातून एकदा जरी नेट सुरू करू शकला, तरी त्याला आठवडा सापडेल. व्हिडिओपेक्षा व्हॉइस मेसेजला डेटा कितीतरी कमी लागतो आणि एकदा उतरवून घेतला की गाडीत, शेतात, रेंज नसलेल्या पाड्यावरही ऐकता येतो.

स्पर्धा परीक्षावाल्यांनी तर याकडे लक्ष द्यायलाच हवं. आत्तापर्यंत टेलिग्रामच्या चॅनेलवर रोज वीस प्रश्नांची क्विझ सोडवली की अभ्यास झाल्यासारखं वाटायचं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. आता पर्याय क्रमांक तीनवर बोट ठेवून भागणार नाही, उत्तर लिहावं लागेल, आणि लिहिलेलं वाचायला कुणीतरी लागेल. पुण्यातल्या क्लासची फी सगळ्यांना झेपत नाही. पण हाताने लिहिलेल्या उत्तराचा फोटो टाकणं आणि दुसऱ्याचं उत्तर वाचून दोन ओळी कळवणं, याला फी लागत नाही. वाचावं मात्र लागतं. चॅनेलवरून गोळा केलेल्या चारशे पीडीएफांचं मी काही बोलत नाही. फोनची मेमरी भरली की त्याच आधी उडवल्या जातात, हे तुम्हालाही माहीत आहे.

याच टेलिग्रामवरून १८ जून २०२४ ची यूजीसी-नेट आठवते? नऊ लाखांहून जास्त जणांनी परीक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती रद्द झाली. पेपर आधीच फुटल्याचं दाखवणारा एक स्क्रीनशॉट टेलिग्रामवर फिरत होता. नंतर सीबीआयच्या तपासात तो स्क्रीनशॉटच फेरफार केलेला निघाला. लाखो जणांनी पुन्हा प्रवासाचं, पुन्हा अभ्यासाचं बघितलं. तेव्हा ‘पेपर आलाय, घ्या’ असा मेसेज ग्रुपवर आला, तर पुढे ढकलण्याआधी एवढं आठवा. आणि ‘परीक्षा पुढे गेली’ हे विद्यापीठाच्या वेबसाईटवर बघितल्याशिवाय कुणाला कळवू नका. ऊसाच्या फडातला पोरगा तुमच्या मेसेजवर विश्वास ठेवून आपली परतीची गाडी सोडून देईल.

मुलींबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण ग्रुप बनवताना सगळ्यात आधी हेच विसरलं जातं. मोठ्या ग्रुपमध्ये आलं की नंबर सगळ्यांना दिसतो. मग रात्री ‘हाय’ येतं, ‘ओळखलंस का’ येतं. घरी कळलं की फोन बंद, आणि काही घरांत फोनबरोबर कॉलेजही बंद. शिवाय अनेक जणींचा नंबर म्हणजे भावाचा किंवा वडिलांचा फोन. तिच्यासाठी आलेला व्हॉइस मेसेज आधी घरात सगळे ऐकतात. मुलींचा वेगळा ग्रुप असावा, किंवा टेलिग्राम असेल तर नंबर लपवून फक्त युजरनेम ठेवावं. ते सेटिंग दोन मिनिटांत होतं. आणि कुणी ग्रुपमधून नंबर उचलून त्रास दिला तर त्याला त्याच दिवशी काढायचं. ‘जाऊ दे ना, आपलाच मित्र आहे’ हे चालणार नाही.

फोन काढून घेणं हा उपाय नाही, हे कोर्टानेही सांगून झालंय. केरळात एका कॉलेजच्या मुलींच्या होस्टेलमध्ये संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, तिला होस्टेलमधून काढलं, आणि ती कोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ हायकोर्टाने म्हटलं की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला होस्टेलमध्ये परत घ्यायला लावलं. अभ्यासासाठी फोन लागतो, हे तिने कोर्टात ठामपणे मांडलं होतं. आता आपण फोनवर अभ्यास करतो हे आपणही ठामपणे सांगू शकलो, तर बरं.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि यावर मला कॉलेजांशी भांडायचंय. ३ जुलै २०२४ पासून दिवसाला दीड जीबीचं, २८ दिवसांचं जिओचं २३९ रुपयांचं रिचार्ज २९९ चं झालं. बाकीच्या कंपन्यांनीही त्याच आठवड्यात दर वाढवले. ज्या घरात मजुरी मिळेल तेव्हाच पैसे येतात, त्या घरात महिन्याच्या शेवटी आधी फोनच बंद पडतो. अशा वेळी महाडीबीटीच्या स्कॉलरशिपची सूचना, आदिवासी मुलांच्या ‘स्वयं’ योजनेची मुदत, इंटर्नलची तारीख, हे सगळं फक्त ग्रुपवर टाकून ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणणं बरोबर नाही. ज्याला कळवायचं तोच त्या दिवशी नेटवर नव्हता. स्कॉलरशिपचा फॉर्म चुकला म्हणजे काही जणांचं वर्ष चुकतं. बाहेरच्या भिंतीवरचा काचेचा नोटीस बोर्ड अजून तिथेच आहे, त्यात मागच्या वर्षीचा कागद लटकतोय. टाचण्या तेवढ्या घ्यायच्या आहेत.

हे काम तुम्हीच करू शकता. प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज लिहा. ग्रुपवर टाकलेली प्रत्येक सूचना त्याच दिवशी बोर्डावर लागावी. स्कॉलरशिपची मुदत संपण्याआधी वर्गात तोंडी सांगावी. लायब्ररीत वायफाय असेल तर विद्यार्थ्यांना त्याचा पासवर्ड मिळावा. नसेल तर का नाही, ते लेखी कळावं. आणि वर्गाचा ग्रुप आठवड्यातून दोन दिवस, ठरलेल्या तासाला, प्रश्नांसाठी उघडा ठेवावा. त्या तासाला सर हजर असलेच पाहिजेत असं नाही. आपण एकमेकांना उत्तरं देऊ, चुकलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगावं. खाली सह्या घ्या. ऊसतोडीला गेलेल्याची सही राहिली असेल, तर तो आल्यावर घ्या, पण अर्ज तोपर्यंत थांबवू नका. आवक-जावकमध्ये शिक्का मारलेली प्रत मात्र स्वतःजवळ ठेवा, आणि तिचा फोटो ग्रुपवर टाका.